धुळ्याचं अळू, जळगावची कुंडी



आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. गॅलरीत काहीतरी हिरवं हवंय, पण निगा ठेवायला वेळ नाही, काय लावू? मी दरवेळी एकच उत्तर देते, अळू लाव. ऐकून त्यांचा चेहरा पडतो. त्यांना नर्सरीतलं, पांढऱ्या कुंडीत शोभेल असं काही हवं असतं. अळू म्हणजे मोरीपाशी उगवणारं, भाजीवालीकडे जुडीने मिळणारं. ते काय मुद्दाम लावायचं?

पण जळगावचा मे महिना काढलेल्या बाईने विचार करावा. पारा 44-45 वर गेलेला असतो आणि दुपारच्या झळांनी गॅलरीतली तुळससुद्धा मान टाकते. हौसेने आणलेलं फर्न आठ दिवसांत कुरकुरीत पापड होतं. अळूही उन्हाळ्यात आक्रसतं, मोठी पानं पिवळी होऊन गळतात, तळहाताएवढी दोन-तीन पानं उरतात. मरत मात्र नाही. खाली गड्ड्यात सगळा जीव गोळा करून बसतं आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत सुपाएवढं पान उघडतं. त्याची मागणी एकच, पायाशी ओल हवी. खत उशिरा घाला, माती कशीही द्या, कुंडी फुटकी द्या, ते कुरकुर करत नाही.

आमच्याकडचं अळू एका जुन्या प्लास्टिकच्या टबात आहे. टबाला भोक तळाला पाडायचं नाही. तळापासून चार बोटं वर, बाजूला पाडायचं. म्हणजे खालच्या चार बोटांत पाणी साठून राहतं आणि जास्तीचं बाहेर जातं. मुळं खालून पाणी पितात, वरची माती नुसती ओलसर राहते. माती म्हणजे आपली काळी माती निम्मी आणि निम्म्यात शेणखत आणि वाळू. निव्वळ काळी माती घेतली तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि दगडासारखी होते. टब पूर्वेच्या गॅलरीत ठेवावा. पश्चिमेची गॅलरीच असेल तर एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी बांधायला हवी. मोठ्या पानातून पाणी भराभर उडतं, त्यामुळे उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं, पावसाळ्यात बघावंही लागत नाही आणि थंडीत तीन-चार दिवसांनी पुरतं.

आमचे हे ठिबकवाले. तसे जळगावात सगळेच थोडेफार ठिबकवाले असतात. भवरलाल जैन यांच्या कंपनीमुळे थेंबाथेंबाने पाणी देण्याची विद्या याच गावातून देशभर शेतात पोचली, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. त्यांनी हौसेने टबाला एक नळी आणि एक ड्रिपर लावून दिला. अळवाने त्याला दाद दिली नाही. त्याला एका जागी पडणारा थेंब नको असतो, सगळं अंग ओलं हवं असतं. ती नळी आता मोगऱ्याला आहे आणि मोगरा खूश आहे.

पाणी कुठलं द्यावं हेही सांगते, कारण आमच्याकडे नळ दिवसाआड येतो आणि अशा गावात झाडाला पिण्याचं पाणी घालायचं हे मनाला टोचतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं अळवाला चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे वाया जातं तेही चालतं, पण त्यात क्षार जास्त असतात. रोज तेवढंच घातलं तर पानाच्या कडा करपतात, म्हणून त्यात निम्मं साधं पाणी मिसळायचं आणि पावसाळ्यात टब एकदा चांगला धुऊन निघू द्यायचा. साबणाचं पाणी नको. आणि ज्यांच्याकडे महासतीजींसाठी राखेचं धोवण पाणी होतं, त्यांनी ती राख चिमूटभरच जाऊ द्यावी. अळवाला आंबूस माती आवडते, राखेची नाही.

आता डास. ओलाव्याचं झाड म्हटलं की घरात पहिला आक्षेप हाच निघतो आणि तो खरा आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा उडणारा डास होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते यासाठीच. आपल्याला तर हे दोन्हीकडून सांभाळायचं असतं. घरात ताप येऊ द्यायचा नाही आणि अळ्या झाल्यावर त्यांच्यावर औषध ओतायची वेळही येऊ द्यायची नाही. जीव उत्पन्नच होऊ नये अशी काळजी आधी घेणं हीच आपली जयणा. टबात पाणी दिसताच कामा नये. मातीवर दोन बोटं वाळूचा थर द्यायचा, खाली ताटली ठेवायची नाही, बाजूच्या भोकावर गाळण्याचं जुनं फडकं बांधायचं. कोणीतरी मला गप्पी मासे सुचवले होते. सासूबाईंनी ते ऐकून माझ्याकडे नुसतं पाहिलं. अळ्या खायला मासे आपण आणायचे, म्हणजे खातं कोण, मासा की आपण? मी तो विषय सोडला.

सासूबाईंना घरात सगळे बाई म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. अळू त्यांचं आहे, मी फक्त पाणी घालते.

ते आलं धुळ्याहून. धुळ्याच्या जुन्या गावात, कॅप्टन ब्रिग्जने आखून दिलेल्या त्या सरळ गल्ल्यांपैकी एकीत आमच्या सासऱ्यांचा वाडा होता. मागच्या अंगणात न्हाणी, न्हाणीचं पाणी एका चरातून भिंतीकडे जायचं आणि त्या चरावर अळवाचं बन होतं. बन म्हणजे बनच. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं. ते सासऱ्यांच्या आईने लावलं होतं असं सांगत. काळ्या देठाचं, वडीला उत्तम, घशाला न खवखवणारं. हिरव्या देठाचं अळू फतफद्याला बरं, वडीला काळंच हवं. माझी अकोल्याची मामी याला धोपा म्हणते आणि आमच्या वाड्यातून दरवर्षी पानं घेऊन जायची.

बाईंचं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिकडे नदीवर जुने बंधारे आहेत, तीनशे-चारशे वर्षांपूर्वीपासूनची फडाची पद्धत. बंधाऱ्यातलं पाणी पाटाने येतं, गावची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीने सगळ्यांना मिळायचं. आपली पाळी संपली की बारं बंद. बाई अंगणात पाणी सोडायच्या तेही असंच. आधी तुळस, मग पारिजातक, मग लिंबू, शेवटी उरलंसुरलं अळवाला. "ते गरीब आहे, उष्ट्यावर वाढतं," असं म्हणायच्या.

आमच्या घरात अळवाची एक गंमत आहे, ती जैनेतर मैत्रिणींना समजावून सांगावी लागते. याचं पान आम्ही खातो, पण गड्डा खात नाही. गड्डा म्हणजे कंदमूळ, अनंतकाय. एका शरीरात अनंत जीव. आणि जी कोवळी सुरळी अजून उघडलेली नाही तीही बाई कधी तोडत नाहीत, कारण कोवळा कोंभही अनंतकायच. पूर्ण उघडलेलं, गडद झालेलं पानच घ्यायचं, तेही उलटून मागून नीट बघून, मावा किंवा अळी नाही ना याची खात्री करून. शिंगवाली हिरवी अळी कधीकधी अळवावर येते, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. पुढे तिचा मोठा पतंग होतो. एका वर्षी तिने तीन पानं फस्त केली. बाई म्हणाल्या, तिचं जेवण चाललंय, उठवू नको.

त्यात आमचे नियम. बाईंचं माहेर मंदिरमार्गी, सासर स्थानकवासी, त्यामुळे दोन्हीकडचे नियम त्यांच्या पदरात. माहेरच्या रीतीने फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, आठ महिने पालेभाजी बंद. मी आणि मुलं निदान चातुर्मासाचे चार महिने पाळतो. आता बघा, अळू बहरतं कधी? आषाढ, श्रावण, भाद्रपदात. म्हणजे झाड आपल्या भरात असतं तेव्हा आमच्या ताटात ते नसतं आणि आमचा नियम संपतो तेव्हा थंडी पडून त्याची वाढ मंदावलेली असते. वर्षभर आमचं पाणी पिऊन ते वाढायचं आणि पानं जायची गल्लीत. सासरे चेष्टेने म्हणत, हे अळू आपलं नाही, आपण त्याचे पाणके आहोत.

सासरे गेले. बाई जळगावला आमच्याकडे आल्या. वाडा वर्षभर बंद राहिला, न्हाणीचं पाणी थांबलं आणि बन वाळून गेलं. मग वाडा विकायचा ठरला. सौदा झाला तो वैशाखात, ताबा आषाढी चौमासीच्या आत द्यायचा होता. घेणाऱ्याला पाडून इमारत बांधायची होती.

माझ्या मनात आलं, अळवाचे गड्डे जमिनीत जिवंत असतील, चार खणून आणू. मी सहज बोलून गेले आणि बाई ठाम नाही म्हणाल्या. जमीन खणायची, कुदळ लागून गड्डे फुटणार, गांडुळं चिरली जाणार, मुंग्यांची घरं मोडणार. आयुष्यभर ज्याचा त्याग केला ते आता हाताने उपटायचं? दीर म्हणाले, "वहिनी, अळू काय जळगावात मिळत नाही? बाजारातून गड्डे आणा आणि लावा." बाईंनी त्यालाही नकार दिला. बाजारातला गड्डाही कोणीतरी खणलेलाच असतो आणि तो आपल्या पैशाने खणलेला असतो.

मला हे पटत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. मी म्हटलं, "बाई, आपण नाही खणलं तर जेसीबी येऊन सगळंच खणणार आहे. आपण चार वाचवले तर ते पाप कसं?" त्यांचं उत्तर होतं, "ते करतील ते त्यांचं. आपण आपल्या हातांचं बघायचं."

स्थानकात महासतीजी विहार करत आल्या होत्या, मी व्याख्यानानंतर त्यांना विचारलं. तुम्हाला माहीत आहे, साधू-साध्वी अशा बाबतीत 'खणा' असं म्हणू शकत नाहीत. करायचं नाही, करवायचं नाही आणि करणाऱ्याला अनुमोदनही द्यायचं नाही, असं त्यांचं व्रत. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि 'जयणा ठेवा' एवढंच म्हणाल्या. मी तिथून थोडी नाराजच परतले. मला हो किंवा नाही हवं होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी एक वाक्य टाकलं. "बाई, वाडा आपणच विकला ना? जेसीबी आपल्या सहीने येणार आहे." मी दचकले. आईशी ते असं कधी बोलत नाहीत. बाई काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या गप्पच होत्या, सामायिक एकाच्या जागी दोन करत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नवकारसीच्या वेळी मला म्हणाल्या, "पाऊस पडला की मला धुळ्याला न्या. कोरड्या मातीत हात घालायचा नाही."

आणि त्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. ज्यांनी खान्देशची काळी माती पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कोरडी असताना तिच्यात कुदळसुद्धा टणकन उडते आणि ओली झाली की तीच लोण्यासारखी होते. आम्ही रोज आकाशाकडे बघायचो. ताब्याची तारीख जवळ येत होती. चौमासी लागली की बाई गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत, तो त्यांचा जुना नियम. दीर फोनवर म्हणत, आता सोडून द्या. शेवटी जूनच्या अखेरीस दोन रात्री चांगला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. बाई पूर्ण रस्ताभर माळ फिरवत होत्या.

वाड्याचं कुलूप काढून मागे गेलो. वर्षभर पाण्याचा थेंब न मिळालेल्या त्या चरावर दोन दिवसांच्या पावसात जागोजागी हिरव्या सुरळ्या वर आल्या होत्या. मी मोजायला लागले आणि चाळिशीनंतर सोडून दिलं.

बाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. मधल्या जुन्या गड्ड्यांना हात लावायचा नाही. कडेला जी पिल्लं आईपासून सुटून स्वतःच्या मुळांवर उभी आहेत तीच बघायची. कुदळ नाही, खुरपं नाही. बादलीने हळूहळू पाणी सोडत राहायचं, माती आपोआप सैल होईल. "ओढू नको. सुटेल तेवढंच घे." दोन तास मी उकिडवी बसून पाणी सोडत होते. शेजारच्या विहिरीचं पाणी, फडक्यातून गाळून. पाच पिल्लं अलगद हातात आली, मुळांसकट, गड्डा अखंड. सहावं येत नव्हतं, ते मी ठेवून दिलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून घेतलं.

इरियावहियं आपण रोज म्हणतो. त्यात क्षमा मागायची यादी असते. बी, हिरवळ, दव, मुंग्यांचं घर, शेवाळ, ओली माती, कोळ्याचं जाळं. मी ते वर्षानुवर्षं घाईत म्हणत आले होते. त्या दिवशी चरापाशी बसल्यावर ती यादीच्या यादी माझ्या हातांखाली होती. दगडांवर शेवाळ होतं, भिंतीत जाळं होतं, पावसाने मुंग्या अंडी घेऊन निघाल्या होत्या. दोन तासांत मी त्यांतलं काहीही पूर्ण टाळू शकले नाही.

बाईंनी परत आल्यावर तीन आयंबिल केले. मी म्हटलं, "एवढं काय, आपण तर किती सांभाळून केलं." त्या म्हणाल्या, "सांभाळून केलं म्हणून तीन. पाण्याच्या किती बादल्या सोडल्या मोजल्यास का? झालं ते झालं म्हणायचं. नाही झालं असं म्हणायचं नाही."

मधलं बन गल्लीतल्या बायकांनी त्या आठवड्यात जमेल तसं नेलं. त्यांनी ते कसं नेलं हे आम्ही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात वाडा पाडला गेला.

पाचांपैकी चार पिल्लं जळगावात जगली. पहिला महिना ती रुसलेली होती, पानं लहान आणि पिवळट. मग बाईंनी टब गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या आडोशाला हलवायला लावला आणि भाद्रपद येईपर्यंत टब भरून गेला. बाई सकाळी खुर्ची टाकून तिथे बसतात. पहाटे प्रत्येक पानाच्या टोकाला एक थेंब लोंबत असतो. मुलगी म्हणाली, आजी, ते दव नाही. रात्री मुळं जास्त पाणी ओढतात आणि पानाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून झाड ते बाहेर सोडतं. पानावर पडलेलं पाणी मात्र पान घेत नाही. त्यावर मेणासारखा थर आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, म्हणून थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळतो. अळवावरचं पाणी म्हणतात ते हेच. उत्तराध्ययन सूत्रात द्रुमपत्रक नावाचं दहावं अध्ययन आहे. त्यात पिकल्या पानाचा आणि कुशाच्या टोकावरच्या दवबिंदूचा दाखला देऊन भगवंतांनी गौतमस्वामींना क्षणभरही गाफील न राहायला सांगितलं आहे. बाईंनी नातीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे बाहेरचं धरत नाही आणि आतलं ठेवत नाही." नात हसली. तिला ते परीक्षेचं उत्तर म्हणून चाललं नसतं.

तिनेच अजून एक सांगितलं. हवाई बेटांवर अळवाला कालो म्हणतात, तिथे त्याचा गड्डा हेच मुख्य अन्न आणि तिथल्या जुन्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ. बाईंना हे फार आवडलं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ आहे तर खातात कसा?"

आता ऋषिपंचमीचं सांगते. चौथ्या मजल्यावरच्या काकू यावलकडच्या, लेवा पाटील. ऋषिपंचमीला त्यांच्याकडे त्या दिवसाची खास भाजी होते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने लावलेलं, परसातलं असेल ते. त्यात अळू हवंच. आमचा टब त्यांनी वरून पाहिलेला, तेव्हा चतुर्थीच्या आधीच त्या हक्काने आल्या. "बाई, परसातलं अळू मिळालं, यंदा माझी भाजी खरी होणार!"

पण भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे आमची संवत्सरी. पर्युषणाच्या आठ दिवसांत आमच्याकडे हिरवं चिरायचं नाही, तोडायचं नाही आणि संवत्सरीला तर घरातले बहुतेक सगळे उपवासाला. पानं देऊ कशी? करणं, करवणं आणि अनुमोदणं तिन्ही सारखंच. काकू हुशार. म्हणाल्या, "तुम्ही तोडू नका, मला तोडू द्या." बाईंनी मान हलवली. काकू म्हणाल्या, "बरं, मग आठ दिवस कुंडीच माझ्याकडे राहू द्या. पाहुणी म्हणून."

मला ही युक्ती झकास वाटली. बाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावून म्हणाल्या, "कुंडी कुठेही ठेवली तरी माझीच राहते हो. मी डोळे मिटले म्हणून पान तुटलेलं मला कळणार नाही का?" काकूंना वाईट वाटलं. त्यांनी ते दाखवलं नाही, पण दोन-तीन आठवडे जिन्यात भेटल्या की बोलणं तुटक होतं. मला अवघडल्यासारखं झालं होतं. शेजारणीशी संबंध राखणं हाही धर्मच, असं मी बाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "राखू की. थांब जरा."

त्या कशाची वाट बघत होत्या हे मला दिवाळीनंतर कळलं. टबाच्या कडेला एक पिल्लू सुटून उभं राहिलं होतं. कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर बाईंनी माझ्याकडून पाणी सोडून ते काढून घेतलं, एका डालड्याच्या जुन्या डब्यात लावलं आणि जिना चढवत नाही म्हणून काकूंना खाली बोलावून हातात दिलं. "आता हे तुमचं. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पुढच्या वर्षी संवत्सरीला संध्याकाळी आम्ही प्रतिक्रमणाला निघालो तेव्हा जिन्यात ऋषिपंचमीच्या भाजीचा वास होता. दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर बाईंनी काकूंना फोन लावायला लावला आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. काकू पलीकडून म्हणाल्या, "अहो बाई, मला कसली क्षमा मागता?" बाई म्हणाल्या, "त्या वर्षी पानं दिली नाहीत त्याची."

काकूंचं अळू आता आमच्यापेक्षा दांडगं आहे. त्या त्याला चहाचा धुतलेला चोथा घालतात. थंडीच्या सुरुवातीला, आमचा नियम सुटला की एक दिवस त्यांची आणि आमची पानं एकत्र करून वड्या होतात. पानांचे देठ आणि जाड शिरा काढायच्या आणि लाटण्याने पान जरा दाबून घ्यायचं. अळवात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिंच हात राखून घालायची नाही आणि वाफ पुरती पंचवीस मिनिटं द्यायची. हात खाजत असतील तर आधी तेल लावावं. बेसन, चिंच-गूळ, तीळ, जिरं, धणे, तिखट, हळद, मीठ आणि आल्याऐवजी सुंठ. दही घालायचं नाही, कच्चं दही आणि डाळीचं पीठ म्हणजे द्विदल. काकूंकडे लसूण लागतो, पण त्या दिवशी त्या स्वतःहून घालत नाहीत.

बाईंनी गेल्या वर्षी लीलोतीचा जावजीव त्याग घेतला. त्या वडी खात नाहीत. पीठ मात्र अजून त्याच कालवतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत आणि मीठ बरोबर झालंय का हे मला विचारून घेतात.